जड काम करण्यास असमर्थ

अर्ज लिहिणे हे हलके काम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी परंड्याच्या तहसील कचेरीसमोर एक उन्हाळा बसून पाहावे. मी तेथे पंचवीस वर्षे बसलो. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि सातवीच्या परीक्षेलाही मी पुरता बसलो नाही. परंतु तालुक्यातील किती मॅट्रिक आणि किती पदवीधर माझ्या लाकडी पेटीसमोर उकिडवे बसून गेले, हे येथे मुद्दाम नमूद करून ठेवतो. शाळा वेगळी आणि लेखणी वेगळी. कचेरीतील कारकून माझे अक्षर लांबून ओळखत, आणि माझ्या हातचा अर्ज असेल तर त्यातील मजकूर पुन्हा विचारावा लागत नाही, असे एका नायब तहसीलदारांनी चारचौघांत म्हटले होते.

माझे गुरू निजामाच्या अमलात उर्दूत अर्ज लिहीत. राज्य गेले, भाषा बदलली, त्यांनी उतारवयात मराठी लेखणी धरली, पण गिऱ्हाईक तेच राहिले आणि तऱ्हाही तीच राहिली. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. ते म्हणत, हाकीम वाचत नसतो, तो कंटाळलेला असतो. पहिल्या चार ओळींत त्याला दया आली पाहिजे, आली नाही तर पाचवी ओळ लिहून शाई वाया घालवू नये. त्यामुळे बांधाच्या वादाचा अर्ज असो, रेशन कार्डाचा असो की मुलाच्या वसतिगृहाचा असो, माझी सुरुवात ठरलेली असे. अर्जदार निराधार आहे, अर्जदार अडाणी आहे, अर्जदार अशक्त आहे. सोनारीच्या यात्रेत कुस्ती मारणाऱ्या एका गड्यालाही मी अशक्त लिहिले आहे आणि त्याचे काम झाले आहे.

बहात्तरच्या दुष्काळाने माझ्या या पद्धतीवर शिक्कामोर्तब केले. त्या वर्षी लोक येत ते बोलायलाही येत नसत. समोर बसत आणि म्हणत, लिहा. काय लिहू, असे विचारले तर म्हणत, तुमाला ठावं हाय. मला ठाऊक होतेच. विहिरीच्या तळाचा चिखल फडक्यातून गाळून पिणारी माणसे होती. परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी पोटात न टिकणारी मुले होती. दावणीची जनावरे सोडून देऊन त्यांच्याकडे पाठ करून बसणारे शेतकरी होते. एकाच दिवसात एकच अर्ज मी चाळीस नावांनी लिहिला आहे. काही दिवसांनी तर असे होई की नाव आणि गाव ऐकेपर्यंत माझा हात पुढच्या दोन ओळी लिहून मोकळा झालेला असे. त्या अर्जांनी लोकांना काम मिळाले, खायला सुकडी मिळाली, काही जीव वाचले. हे मी विसरत नाही आणि कोणी विसरू नये. पण हाताला जे वळण लागते, ते दुष्काळ संपला म्हणून सुटत नाही.

त्याच वर्षी एका पाझर तलावाच्या कामावर मस्टरमधून नावे गाळल्याची तक्रार आली आणि अंगठे घेण्यासाठी मी स्वतः तेथे गेलो. पुरुष माती खणत होते, बायका खडी फोडत होत्या. बांधाच्या पाण्याकडच्या उतारावर दगड बसवण्याचे काम चालले होते. त्याला सारे पिचिंग म्हणत. ते काम परंड्याचे एक म्हातारे मुसलमान मिस्त्री करीत होते. सारा गाव त्यांना चाचा म्हणे. किल्ल्याच्या तटाची डागडुजी आपल्या घराण्याने केली, असे ते सांगत, आणि त्यांचा हात पाहिला की ते खोटे वाटत नसे.

त्यांच्यापाशी दगड आणून टाकणाऱ्या आठ-दहा बाया होत्या. बाकीच्या येत, दगड खाली सोडत आणि परत जात. त्यांतली एक मात्र दगड सोडत नव्हती. ती तो खाली ठेवी, एकदा पालथा घाली, त्याची सपाट बाजू बघे आणि जेथे तो बसणार असेल त्या फटीच्या तोंडाशी नेऊन टेकवी. मी तासभर पाहिले. चाचांनी तेवढ्या वेळात दगड निवडायला मान वर केली नाही. ती ठेवील तो ते उचलत आणि ठोकून बसवत.

ती जवळच्या गावच्या बौद्ध वस्तीतली, पंचविशीच्या आतबाहेरची. नवरा कामासाठी पुण्याकडे गेला होता आणि पुढे त्याचा निरोप यायचाही थांबला होता. पाच-सहा वर्षांची एक मुलगी होती. ती खडीच्या ढिगाच्या सावलीला बसून राही. मस्टरवर त्या बाईचेही नाव गाळलेले निघाले. मी अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली तेव्हा ती म्हणाली की मला सही येते, आणि तिने एकेक अक्षर जोडत सही केली. लिहिलेले वाचता मात्र तिला येत नव्हते, माझ्या वळणाचे तर नाहीच.

दुष्काळ ओसरल्यावर दोन-तीन वर्षांनी आमच्याकडे मजुरांची सहकारी संस्था निघाली. तेव्हा सहकाराचे वारेच होते. शाळाखोल्या, सरकारी विहिरी, गोदामे, साठवण तलाव, सगळी कामे संस्थेला मिळू लागली. आणि कामे मिळाल्यावर ध्यानात आले की करणारा हात नाही. माती ओढणारे हजार होते, पण भिंत ओळंब्यात उभी करणारे सबंध तालुक्यात बोटांवर मोजण्याइतके उरले होते. जुने गवंडी दुष्काळात मेले किंवा थकले. त्यांची मुले पुण्या-सोलापूरला गेली ती तिकडचीच झाली. तेव्हा संस्थेने ठरवले की सहा महिन्यांचा गवंडीकामाचा वर्ग काढायचा, वीस जणांना शिकवायचे आणि शिकवायला चाचांना ठेवायचे. सहकार खात्याने त्याला मंजुरी दिली. नोटिशीची सुवाच्य प्रत कचेरीच्या दाराला लागली, ती माझ्याच अक्षरात होती.

वीस मिळेनात. शेतकऱ्याच्या मुलाला चुन्यात हात घालणे कमीपणाचे वाटे. मॅट्रिक झालेला शिपायाच्या जागेसाठी वाट पाहत बसे, आणि त्याचा अर्ज मीच लिहिलेला असल्यामुळे त्याला दुसरीकडे जा म्हणणे मला प्रशस्त वाटत नसे. अखेर चेअरमननी आपल्या आणि आसपासच्या गावांतून पोरे गोळा केली. त्यांचे अर्ज झाले नाहीत. चेअरमनच्या चिठ्ठीवर नावे आली आणि तीच यादी झाली. चेअरमन हे मोठे बागायतदार होते. मजुरांच्या संस्थेचे चेअरमन बागायतदार कसे, हे त्या काळी कोणी विचारत नसे.

यादीत सतरा नावे असताना चाचा माझ्याकडे आले. त्यांच्यामागे ती उभी होती. ते पेटीसमोर न बसता उभ्यानेच म्हणाले, "मुनशी, हिचा अर्ज लिही. मला हात पायजेत, आणि चेअरमन मला पुतणे द्यायलाय."

बाईमाणूस गवंडी होत नाही, हे मी त्यांना सांगितले. बाई घमेले वाहते, चाळण धरते, पाणी मारते. थापी धरत नाही. चाचा म्हणाले की नोटीस तूच लिहिलीस, त्यात बाई नको असं कुठं लिहिलंय ते दाखव. नोटिशीत 'इच्छुक व सक्षम मजूर' एवढेच होते. शिवाय अर्ज नाकारण्याची माझी रीतही नव्हती.

मी तिला खाली बसायला सांगितले आणि काय म्हणणे आहे ते विचारले. ती म्हणाली, "लिहा की मला दगड कळतो. चार वर्सं चाचांच्या हाताखाली हाय. कोपरा कसा धरायचा ते येतंय, नुसतं बगून. एकदा हातात थापी द्या, मग सांगा."

"आणि?"

"आणि काय? डोक्यावरचं घमेलं खाली ठिवायचंय मला, मुनशी. एवढंच हाय."

दगड कळतो, हे वाक्य सरकारी अर्जात बसत नव्हते. मी लेखणी घेतली आणि माझ्या हाताने ठरल्या वाटेने चालायला सुरुवात केली. मी फार विचार केला नाही असे नव्हे; उलट मी फार विचार केला. बाईचा अर्ज आहे, लोक विरोध करतील, तेव्हा नेहमीपेक्षा अधिक दया यायला हवी, असे माझे अनुमान होते. मी लिहिले की अर्जदार ही पतीने टाकलेली, निराधार, पदरी लहान मुलगी असलेली स्त्री असून दुष्काळात उपासमार झाल्यामुळे शारीरिकदृष्ट्या अशक्त व जड काम करण्यास असमर्थ झाली आहे; सबब तिला गवंडीकामासारखे हातकसबाचे हलके काम शिकवून उपकृत करावे. बांधणी उत्तम झाली होती. हलके काम हा शब्द तर मला विशेष साधल्यासारखा वाटला.

लिहिलेला अर्ज अर्जदाराला वाचून दाखवावा, हा नियम मी कधी मोडला नाही. मी वाचून दाखवला. कचेरीच्या मराठीत तिला फारसे उमगले नसावे, पण एका शब्दाशी ती अडली.

"म्या अशक्त कुठं हाय?"

मी सांगितले की अर्जात असेच लिहायचे असते. तिने चाचांकडे पाहिले. चाचा म्हणाले की कागदाचं मुनशीला कळतं, आपल्याला दगडाचं. मग वाकून, अक्षर अक्षर जोडत, तिने सही केली.

निवडीच्या दिवशी ठराव लिहून घेण्यासाठी संस्थेने मला बोलावले होते. चेअरमन होते, सेक्रेटरी होता, चाचा भिंतीला टेकून बसले होते आणि धाराशिवहून सहकार खात्याचे एक तरुण अधिकारी आले होते. अठराव्या नावाशी चेअरमन थांबले. म्हणाले, पोरांच्या वर्गात बाई कशी चालेल. ती परांचीवर चढणार, खाली पोरं उभी राहणार, चांगलं दिसतं का? साहेबांनी विचारले की नियमात कुठे आडकाठी आहे का. कोणाला दाखवता आली नाही. चाचांनी सांगितले की वर्गाची सारी भिंत छातीच्या उंचीपर्यंतच बांधायची आहे, परांची लागणारच नाही.

मग चेअरमननी आवाज खाली आणला. म्हणाले, साहेब, उद्या हे शिकलेले लोक गावात कामं करणार. पाण्याच्या विहिरी बांधणार, देवळाचे कट्टे बांधणार. त्यात ही बाई म्हणजे... आणि ते थांबले. पुढचे सगळ्यांना कळले होते.

साहेबांनी पेनाचे टोपण काढले. "वाक्य पूर्ण करा," ते म्हणाले, "म्हणजे मला लिहून घेता येईल."

चेअरमननी वाक्य पूर्ण केले नाही. त्या घटकेला तिचे नाव यादीत गेल्यातच जमा होते, हे मी शपथेवर सांगू शकतो. नाकारायला त्यांच्याकडे कारण उरले नव्हते. साहेब म्हणाले, अर्ज वाचा, सक्षम असेल तर घेऊन टाका. सेक्रेटरीने अर्ज उघडला आणि वाचू लागला. शारीरिकदृष्ट्या अशक्त. जड काम करण्यास असमर्थ.

साहेबांनी तो कागद त्याच्या हातातून घेऊन स्वतः वाचला. मग चाचांकडे पाहून म्हणाले की तुमच्या बाईंनी स्वतःच लिहून दिले आहे, आता मी काय करू? चेअरमन एकदम मवाळ झाले. म्हणाले, बिचारीला कशाला त्रास द्यायचा, लहान मूल आहे पदरात.

चाचांनी माझ्याकडे पाहिले. मी बोलायला हवे होते. साहेब, मी सगळ्यांनाच अशक्त लिहितो, ही माझी लिहिण्याची रीत आहे, एवढेच म्हणायचे होते. पण सरकारी कचेऱ्यांच्या कपाटांत आणि टेबलांवर माझ्या हातचे शेकडो अर्ज पडून होते. ते सारे अशक्त एका वाक्यात धडधाकट झाले असते आणि पुन्हा माझ्या अक्षरावर कोणी विश्वास ठेवला नसता. मी ठरावाच्या कागदावर लेखणी टेकवून बसलो. सेक्रेटरीने सांगितले, 'अपात्र'. मी तो शब्द लिहिला.

नंतर मी दुरुस्तीचा अर्ज करून दिला, तोही विनामूल्य. त्याला संस्थेचे उत्तर आले की अर्जदाराची दोन म्हणणी परस्परविरोधी असल्याने सिव्हिल सर्जनचे प्रमाणपत्र जोडावे. त्यासाठी ती एसटीने तीनदा धाराशिवला गेली. पहिल्यांदा डॉक्टर नव्हते, दुसऱ्यांदा शिक्का नव्हता. तिसऱ्यांदा तिला सशक्त असल्याचा दाखला मिळाला, तोवर वर्ग दोन महिने पुढे गेला होता आणि उशीर झाल्याच्या कारणावरून तिचे प्रकरण निकाली काढण्यात आले.

दरम्यान वर्गाला दगड वाहायला माणसे हवी होती. ते काम तिला मिळाले. सकाळपासून खदानीकडचे दगड डोक्यावरून आणून ती त्या वीस पोरांच्या पुढ्यात टाकत असे. माझ्या अर्जाप्रमाणे जी जड काम करण्यास असमर्थ होती, तिला संस्थेने सर्वांत जड काम दिले, आणि त्यासाठी तिच्याकडे कोणी दाखला मागितला नाही.

चाचांची शिकवण्याची तऱ्हा अशी होती की पोरांकडून चिखलात भिंत बांधून घ्यायची, ओळंबा लावायचा, आणि दोरीबाहेर गेली की पाडायला लावायची. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे. शिकाऊ भिंतीला ते कोण देणार? म्हणून चिखल. तोच दगड सहा महिने उभा राहायचा आणि पडायचा. पोरे कंटाळत. दुपारी पोरे गोदामाच्या सावलीला झोपली की चाचा थापी त्या बाईच्या हातात देत. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ती बोलत नसे. चाचा दोन बोटांनी दगड दाखवत, ती मान हलवे आणि दुसराच उचले, आणि बहुतेक वेळा तिचाच बरोबर निघे. एकदा चाचा हसून म्हणाले, "बेटी, मला शिकवायलीस का?" ती म्हणाली, "तुमची नजर आता तिरपी झालीया, चाचा." चाचा आणखीच हसले; पण ते खरे होते. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, आणि सहा महिन्यांनी ओळंबा कोणाच्या हाती द्यायचा ही त्यांची चिंता होती.

अखेरच्या दिवशी तेच साहेब भिंत तपासायला आले. बऱ्याच भिंती बऱ्या होत्या, दोन वाईट होत्या. कोपऱ्यापाशी येऊन साहेब थांबले. भिंतीत कोपरा सर्वांत अवघड. दोन्हीकडचे थर तेथे एकमेकांत गुंतवावे लागतात आणि एक दगड चुकला तर सारा कोपरा फाटतो. त्यांनी स्वतः ओळंबा सोडून पाहिला. दोरी दगडाला वरपासून खालपर्यंत सारखी चाटून गेली. कोणी केला, असे त्यांनी विचारले. चेअरमननी पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला.

चाचा म्हणाले, "खोटं. कोपरा हिनं केलाय."

ती मागे, रिकामे घमेले कमरेला लावून उभी होती. साहेबांनी तिला ओळखले. ते चिडले नाहीत. पण सावकाश म्हणाले की असे असेल तर पहिला अर्ज खोटा ठरतो, आणि सरकारी योजनेत खोटा अर्ज देणे ही साधी गोष्ट नाही. कोणी सांगितले होते असे लिहायला?

ती पुढे आली. "म्या न्हाय सांगितलं," ती म्हणाली. "म्या दगड कळतो म्हणून लिहा म्हणलं व्हतं. अशक्त मुनशीनं लिवलं. इचारा त्यास्नी."

सगळे माझ्याकडे वळले. त्या क्षणाचे मी पुष्कळ वेळा समर्थन केले आहे. खोट्या अर्जाबद्दल माझा परवाना गेला असता. मला घर होते, आई अंथरुणाला होती. शिवाय तिची सही होती, आणि अर्ज मी वाचून दाखवला होता. शब्दशः पाहिले तर मी काही लपवले नव्हते. हे सारे खरे आहे. मी जे बोललो ते मात्र खरे नव्हते. मी म्हणालो, "अर्जदाराने सांगितले तसेच मी लिहितो, साहेब. खाली त्यांची सही आहे."

साहेबांनी फाईल मागवली, सही पाहिली, तिला विचारले की ही तुझीच का. ती म्हणाली, व्हय. साहेबांनी फाईल मिटली. कोपरा कोणाच्या नावावर गेला ते मी सांगत नाही. प्रमाणपत्रे मीच लिहिली.

चाचा त्या दिवसापासून माझ्याशी बोलले नाहीत. पुढे त्यांचे दोन्ही डोळे गेले तेव्हा निराधारांच्या अनुदानाचा अर्ज त्यांनी माझ्यासमोरच्या झाडाखाली बसणाऱ्या नव्या मुनशीकडून लिहवून घेतला. त्यानेही त्यांना अशक्त लिहिले असणार. तेव्हा ते खरे होते. वर्गातल्या वीस पोरांपैकी बहुतेक प्रमाणपत्र घेऊन वर्षभरात पुण्याला गेली. पुतण्याने किराणा दुकान टाकले. दुसरा वर्ग निघाला नाही, कारण शिकवणाराच उरला नव्हता. पुढच्या शाळाखोल्या बाहेरून आणलेल्या गवंड्यांनी बांधल्या.

ऐंशीनंतर माकणीला तेरणेवरच्या धरणाचे काम जोरात चालू होते. बुडणाऱ्या जमिनींचे अर्ज पुष्कळ, लिहिणारे थोडे. म्हणून मी काही महिने पेटी घेऊन तेथे जाऊन राहिलो. कॅम्पाच्या रस्त्याकडेला माझी बैठक होती. एके सकाळी घमेली वाहणाऱ्या बायांची रांग समोरून चालली होती आणि त्या रांगेत मी तिला पाहिले. केस कपाळाशी पांढरे झाले होते आणि चालताना मान एका बाजूला कलत होती. तिच्यामागे तशाच चालीने एक अठरा वर्षांची मुलगी चालत होती. कोण ते विचारावे लागले नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी स्वतः उठून तिच्याकडे गेलो. तिने मला ओळखले आणि बसायला दगड दाखवला. चाचांचे विचारले. ते वारल्याचे मी सांगितले. तिने भाकरी फडक्यात परत बांधून ठेवली आणि काही वेळ जेवली नाही. मुलीला काम येते का, असे मी विचारले तेव्हा म्हणाली, "दगड बगती. माझ्यापरीस बरा बगती." मुलगी खाली बघून हसली.

त्या आठवड्यात कॅम्पवर नवी जाहिरात लागली होती. दगडी बांधकामाला गवंडी कमी पडत होते आणि तरुण मजुरांतून काही जणांना शिकवून घ्यायचे ठरले होते. स्त्रियांनीही अर्ज करावेत, असे तीत छापील अक्षरांत होते. अर्ज लेखी हवा होता. मी तिला ते वाचून दाखवले आणि म्हणालो की पोरीचा अर्ज मी लिहितो. तू सांगशील तसा, तुझ्याच शब्दांत, एक अक्षर इकडचे तिकडे करणार नाही.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रागाने नव्हे; तिने तो दिवस उकरून काढला असता तर मला बरे वाटले असते.

"न्हाय, मुनशी," ती म्हणाली. "पोरगी धडधाकट हाय. ऱ्हाऊ द्या तशीच."

मी मुलीकडे वळलो. शिकशील का, असे विचारले. तिने आईकडे पाहिले, मग जाहिरातीकडे पाहिले. तेवढ्यात मुकादमाने हाक मारली. दोघी उठल्या, डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि रांगेत गेल्या.

अर्जाची मुदत आठ दिवस होती. त्या आठ दिवसांत मी इतरांचे अर्ज लिहिले आणि त्यांत एकालाही अशक्त लिहिले नाही. रोज एक कोरा कागद वेगळा काढून पेटीवर दगडाखाली ठेवत होतो. माय-लेकी दिवसातून कितीतरी वेळा माझ्या समोरून भरलेली घमेली घेऊन गेल्या आणि रिकामी घेऊन आल्या. आठव्या दिवशी संध्याकाळी कारकून अर्जांचा गठ्ठा बांधून घेऊन गेला.